पंचशीलाचं पडून राहणं

लातूर
४ मार्च १९८३

चि. सिंधूस भामाअक्काचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवावी.

लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, पाणी काही आलं न्हाई. बाया टँकरमागं पळायल्यात. तुझी पंची पोलीस भरतीसाठी माझ्याकडं ठेवलीस, पर लाड माझ्याच्यानं व्हत न्हाईत. सकाळी मैदानावर पळती, ते ठीक. आली की जमिनीवर उताणी, डोळे मिटून गप. मी भ्याले, आरडले. तर म्हणती, हे शवासन हाय, मैदानावरचे शेषेराव मास्तर सांगतेत की जेवढं पळायचं तेवढंच अंग ढिलं सोडायचं. मढ्यावानी पडून कुणी पोलीस झालंय का? घागरी देऊन टँकरला धाडली. आता पडत न्हाई.

मायेत पाणी घालू नको.
तुझी, भामा

उमरी
१२ मार्च

ती. अक्कास धाकट्या सिंधूचा सप्रेम जयभीम.

पत्र वाचून हसले. तू बाळंतपणात दहा दिवस निजली न्हाईस, तुला पडलेलं माणूस कसं बघवंल? पर गावातला नरसिंग लातूरहून आला, म्हणला पंची पाय ओढत चालायली. अक्का, लहानपणापासून माझ्यासंगं रस्त्याची खडी फोडाय राबली ती. पडायचं कुणी शिकवतंय, तर शिकू दे. भरतीपर्यंत तिला घागर देऊ नको.

लहान समजून पदरात घे.
तुझी, सिंधू

लातूर
२० मार्च

चि. सिंधूस जयभीम.

तुझं पत्र आलं तवा भरती होऊन गेली व्हती. पंची पळताना सगळ्यांच्या पुढं व्हती म्हणे, आन् वळणावर पाय धरून खाली बसली. नडगीच्या हाडाला चीर हाय. डॉक्टर म्हणला, एका दिवसाची न्हाई, दुखत व्हतं तवाच थांबाय पाहिजे व्हतं. मला का सांगितलं न्हाईस म्हणून मी खेकसले. तर म्हणली, सांगितलं असतं तर थांबू दिलं असतंस का?

मास्तरकडं गेले. माफी मागायची व्हती, पर पुढच्या भरतीचं काय, एवढंच इचारलं. ते म्हणले, आता नुसतं निजू द्या.

वाकळ अंथरून दिली. नीज म्हणलं, पाणी मी आणते. पर माझी पावलं वाजली की प्लास्टरासकट उठून बसती, आन् काय करू मावशी म्हणून इचारती.

तू ये सिंधू. तुझी पावलं वाजली तर तरी ती पडून राहील.

राग धर, पर माया आटू देऊ नको.
भामा