गृहप्रवेशाची गाय

२० जानेवारी
झालं एकदाचं! दिल्लीहून फोन आला, तीस तारखेला घोषणा. आपला अख्खा विभाग लाळ्या-खुरकूतमुक्त! आणि एकतीसला मी निवृत्त. आणखी काय हवं? या रोगाच्या लसीसाठी उभी नोकरी भांडले. मंत्र्यांशी, ट्रकवाल्यांशी, बंद पडणाऱ्या फ्रीजशीसुद्धा. आमचे यजमान गिरीधर म्हणाले, "आता तरी जेवताना गायींच्या तोंडाबद्दल बोलू नकोस." बघू!

२४ जानेवारी
चिकपेटच्या बाजारातून मोरपंखी साडी घेतली, घोषणेच्या दिवसासाठी. दुकानदार म्हणाला, "मुलाचं लग्न का, अक्का?" म्हटलं, "नाही हो अण्णा, गायींचं." वेडी समजला असेल.

२८ जानेवारी
मुलाच्या, अद्वैतच्या, व्हाइटफील्डच्या फ्लॅटचा गृहप्रवेश. नववा मजला. इथे हल्ली घरात पहिलं पाऊल टाकायला गाय लिफ्टने वर नेतात, कुणाला काही वाटत नाही! भीमाचार्य गुरुजींनी मुनियम्मा गायवालीची गौरी सांगितली होती. कपाळाला हळद, गळ्यात झेंडू. मुहूर्ताच्या दिवशी ती दोन-तीन घरं करते. सकाळी एक झालं होतं, आमच्यानंतर आणखी एक.

खाली ओवाळायला वाकले, तर तोंडातून लाळेच्या तारा. मुनियम्मा म्हणाली, "स्वल्प ऊन लागलंय, डॉक्टरम्मा." सकाळी नऊला कसलं ऊन? पुढचा पायही झटकत होती. ओठ वर करून पाहिला. जिभेवर फोड! लाळ्या-खुरकूताचीच लक्षणं!

"लिफ्ट थांबवा!" — केवढ्यानं ओरडले मी. भीमाचार्य चिडले. "दारातली गोमाता परत पाठवायची?" सुनेचं, सुखदाचं, पहिलंवहिलं घर, मला तिच्या तोंडाकडे बघवेना. पण तीच म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाल तसं." गुणाची पोर!

ऑफिसात रघुनंदनला फोन केला. माझ्या जागी तोच येणार. "मॅडम, तीस तारीख होऊ दे ना. दोन दिवसांनी कळवू." मोह झाला. खोटं कशाला लिहू! आयुष्यभराचं काम, आणि तेही हातातोंडाशी आलेलं.

मुनियम्माला विचारलं, लस? "आमच्याकडे कोण येतंय अम्मा! आम्ही कुठे डेअरीला दूध घालतो?" बरोबर आहे तिचं. आमच्या सगळ्या याद्या डेअरीच्या. ही घरोघरी फिरणारी गाय माझ्या योजनेत कुठेच नव्हती! आणि पुढचं घर तिची वाट बघत होतं.

म्हटलं, "रघुनंदन, किट घेऊन ये. आत्ता!" नमुना घेतला. पुढचं घर रद्द. मुहूर्त चांदीच्या गायीवर भागवला. धुण्याचा सोडा टाकून पार्किंग धुतलं, वॉचमन हैराण. जेवण मात्र झकास झालं. मी दोनदा पायसम घेतलं.

२९ जानेवारी
मुनियम्माच्या गोठ्यावर जाऊन आले. गौरीचे फोड धुतले, पातळ पेज पाजली. मुनियम्मा रडत होती, ऐन मुहूर्तांच्या दिवसांत गाय बांधून ठेवावी लागली म्हणून. रिपोर्ट उद्या. देवा, दुसरं काहीही निघू दे!

३० जानेवारी
पॉझिटिव्ह. घोषणा रद्द. दिल्लीचे साहेब तापले. "आता हे सगळं पुन्हा कोण करणार?" मीच! वर्षभराची मुदतवाढ मागितली, मिळाली. गिरीधर नुसते हसले, डबा भरून दिला. मोरपंखी नेसलेय. मुनियम्माच्या गल्लीत लस टोचायला निघालेय.