हिरव्या ठिपक्याचं चाक

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. बाबांचा हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो, पण जेवणझोप व्यवस्थित आहे. आईचा गुडघा, तिच्याच शब्दांत, 'मनाला येईल तसा वागतो'. हे सगळं तुला फोनवर कळतंच. पण फोनवर मी बोलायला लागले की तू 'बरं, बरं' करतोस आणि माझं वाक्य अर्ध्यावर लटकतं. कागद मध्येमध्ये बोलत नाही, म्हणून पत्र.

मी त्या रेसिंग संघाच्या वर्कशॉपमध्ये कामासाठी गेले होते, हे तुला ठाऊक आहे, कारण माझ्याबद्दल त्यांनी तुलाच विचारलं. तिथल्या मुख्य मेकॅनिक बाई फार कमी बोलतात. त्यांनी माझ्याकडून रिमोटच्या गाडीचे दोन टायर चिकटवून घेतले, भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिले आणि विचारलं, हा हात कुणी तयार केला? बाबांनी, म्हटलं. मग तुमच्या भावाशी बोलते, म्हणाल्या, तो तुमच्याच चाकांवर रिमोटच्या शर्यती धावलाय ना. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. काम आहे, पण जुने टायर काढायच्या टेबलावर. चिकटवायला देता येणार नाही. 'तुमचे भाऊ म्हणाले, पोरगी प्रामाणिक आहे, पण मोक्याच्या वेळी तिचा हात दगा देतो.' मी त्यांना धन्यवाद म्हटलं. एकदा नाही, दोनदा. पुढच्या मंगळवारी उत्तर द्यायचंय.

म्हणजे घरी जे चालू आहे तेच तिथे. तुझ्या गाडीचा टायर उखडला त्या शर्यतीला चार वर्षं झाली, आणि चार वर्षांत बाबांनी माझ्या हातात गोंदाची बाटली दिलेली नाही. गिऱ्हाइकांची झिजलेली चाकं माझ्याकडे येतात, मी टायर सोडवते, चाकं स्वच्छ करते, आणि नवे टायर बाबा चिकटवतात. थरथरत्या हाताने, दादा. थेंब चाकाच्या खाचेत कमी आणि बोटांवर जास्त पडतात. मी शेजारी बसून बघते. मागच्या महिन्यात त्यांची दोन बोटं एकमेकांना चिकटली, तेव्हा ती सोडवायलाही मीच. आई म्हणाली, बरं झालं, हिचा काढण्यातला हात चांगला आहे.

शाळेत नाव घालायच्या आधीपासून मी त्या टेबलाशी शिकले, हे तुला आठवत असेल. अंक शिकले ते गिअरचे दात मोजून, अक्षरं शिकले ती डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. तुला वहीत शुद्धलेखन असायचं, मला चाकं. टायर उकळून काढायची बाबांची रीत मी सहाव्या वर्षी पाठ म्हणून दाखवायचे: चाकाच्या भोकावर चिकटपट्टी, नाहीतर आतला स्पंज पाणी पितो. चाक तरंगतं, म्हणून वर अर्धी वीट. पाणी खळखळल्यावर अर्धा तास, मग बोथट पेचकस कडेत घालायचा आणि घाई करायची नाही. घरभर रबराचा वास सुटला की आई विचारायची, आज जेवायला चाकं का? आणि तू मुद्दाम ताट घेऊन बसायचास. तेव्हा तू फार हसवायचास मला.

ॲसिटोनच्या बरणीत टाकून ठेवलं तरी टायर सुटतो, कष्टही वाचतात. बाबांना ते आवडायचं नाही. ॲसिटोन गोंद धुऊन टाकतं. उकळलं की तो खाचेतून सालीसारखा निघतो, आणि त्या सालीवर चिकटवणाऱ्याचा हात दिसतो. बाबा साल खिडकीशी धरून म्हणायचे, बघ, हे गिऱ्हाईक हात धुवत नाही. हा घाबरट आहे, जिथे एक थेंब हवा तिथे तीन टाकतो. आपण पैज लावायचो आणि बहुतेक वेळा मी जिंकायचे. तू म्हणायचास, हिला माणसं कळत नाहीत, गोंद बरोब्बर कळतो.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. तुला आवडणार नाही, पण वाच.

आपल्या घरची पद्धत अशी की ज्याने टायर चिकटवला त्याने चाकाच्या आतल्या बाजूला आपला ठिपका द्यायचा. बाबांचा लाल, तुझा निळा, माझा हिरवा. अंतिम शर्यतीची चारही चाकं माझी होती. शेवटच्या फेरीत तू पुढे होतास, आणि मागच्या डाव्या चाकाचा टायर बाहेरच्या कडेने उखडला. गाडी कोलांटी खाऊन फळीवर आदळली. बाबा धावत गेले, चाक उलटं केलं, आणि सगळ्यांसमोर तो हिरवा ठिपका माझ्यापुढे धरला. मी एकोणीस वर्षांची होते, आणि मला वाटलं, जमिनीने गिळावं.

त्यानंतरचं तुला किती आठवतं माहीत नाही, मला एकूण एक आठवतं. घरी परतताना मी मनात प्रत्येक चाक पुन्हा पुन्हा चिकटवलं. स्पिरिटने कड पुसली होती का? फडकं कोरडं होतं का? जेवणाच्या सुट्टीत मी बाबांसाठी पाणी आणायला गेले होते. परत आले तेव्हा गोंदाच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं होतं, आणि तोही मला माझाच निष्काळजीपणा वाटला. इतका विचार केला, इतका केला की शेवटी मला दिसायलाच लागलं: मी डावं चाक हातात घेतलंय आणि न पुसताच थेंब सोडलाय. ते घडलं नव्हतं. पण जेवताना मी ताटावरून मान वर न करता सांगितलं, माझंच चुकलं, एक कड पुसायची राहिली. बाबा उठून गेले. आणि तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, असू दे गं, होतं असं.

त्याच महिन्यात तुला प्रायोजक मिळाला. सगळे म्हणत होते, पोराने काय गाडी चालवली, चाकाने घात केला नसता तर. मलाही बरं वाटलं की निदान तुझं नुकसान झालं नाही. खरंच वाटलं होतं.

मंगळवारी नुसतं उत्तर देण्यापेक्षा सोबत काहीतरी न्यावं, बाईंना पुन्हा एकदा हात दाखवावा, असं मनात आलं. नवी चाकं मागायची सोय नाही. बाबांनी त्या शर्यतीची चारही चाकं माळ्यावरच्या खोक्यात ठेवली होती, तीच काढली. टायर सोडवून, स्वच्छ करून पुन्हा चिकटवावेत, इतकाच विचार. काल दुपारी पातेलं चढवलं.

तीन चाकांचे टायर सरळ निघाले. पातळ, अखंड, पारदर्शक साली, माझ्या. चौथ्याचा बाहेरचा भाग तर तेव्हाच उखडला होता, आतली कड सोडवली. तिथला गोंद पांढरा होता. खडूसारखा, बुडबुड्यांचा, नखाने भुगा होणारा. गोंदावर तो लवकर सुकवायचा फवारा मारला की तो असा होतो. बाबांनी तो फवारा घरात कधी येऊ दिला नाही. तो एकाच्याच पिशवीत असायचा. आणि प्रत्येक थेंबाची शेपटी उलट्या दिशेला ओढलेली. आपल्या घरात डावखुरा एकच आहे, दादा.

मी गॅस बंद करून खाली बसले. मग उठून सगळं पुन्हा पाहिलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, दार लावलं की नाही हे बघायला मी तीनदा जिना चढते. मी डाव्या हाताने चिकटवून पाहिलं, चाक उलटं धरून पाहिलं, घाई करून पाहिलं. तुझी बाजू जितकी घेता येईल तितकी घेतली. सुट्टीत तू एकटाच गाडी फिरवायला गेला असशील, कुठेतरी धडकली असेल, टायर निघाला असेल. बाबांना सांगायची लाज वाटली असेल. मी पाणी घेऊन येईपर्यंत तू तो चिकटवलास, फवारा मारलास आणि बाटलीला झाकण लावलंस. इथपर्यंत मी तुला काहीच बोलत नाही. घाबरलेला माणूस काहीही करतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्यानंतर ते जेवण होतं. मी न केलेली चूक कबूल करत होते आणि तू भाजी वाढून घेत होतास.

चाक घेऊन मी बाबांकडे गेले. ते खिडकीशी बसले होते. त्यांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला, फार वेळ फिरवला. मग म्हणाले, टाकून दे ते. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? ते म्हणाले, त्याच दिवशी, मैदानावर. मी म्हटलं, मग माझ्यापुढे ठिपका कशाला धरलात? तेव्हा बाबांनी जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते: 'त्याला पुढं जायचं होतं. तू काय, घरातच होतीस.' रागाने नाही म्हणाले, गिअरचं माप सांगावं तसं. मी अंक त्यांच्याकडे शिकले, गोंद वाचायला त्यांच्याकडे शिकले. खोटी साक्ष कशी देतात हेही त्यांच्याच टेबलाशी शिकायचं राहिलं होतं. आई दारातून म्हणाली, आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे? मी म्हटलं, माझं. तिला ते उत्तर उद्धट वाटलं.

दादा, फोनवर बाईंशी बोलताना तुला 'नाही, तिचा हात चांगला आहे' एवढंच म्हणता आलं असतं. कुणी तुझी चौकशी करत नव्हतं. चार वर्षांपूर्वी तू घाबरला होतास, हे मी मानते. मागच्या आठवड्यात तू कशाला घाबरलास?

मंगळवारी अकरा वाजता मी ते चाक आणि माझ्या तीन साली घेऊन वर्कशॉपमध्ये जाणार आहे. बाईंना गोंद वाचता येतो, मला फार बोलावं लागणार नाही. पण तू माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोललास, तसं मला तुझ्या पाठीमागे जमत नाही, म्हणून आधी हे पत्र. ते तुला शुक्रवारी मिळेल, शनिवारी नक्की. सोमवार संध्याकाळपर्यंत तू स्वतः फोन करून बाईंना सांगितलंस की ते चाक तू चिकटवलं होतंस, तर मी रिकाम्या हाताने जाईन आणि ही गोष्ट माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. नाही सांगितलंस, तर त्यांना कळेल आणि मग तुझ्या प्रायोजकालाही कळेल, कारण ती मंडळी एकाच टेबलावर चहा पितात. मला फोन करू नकोस. माफी मागायला घरीही येऊ नकोस. तू आलास की आई रडेल, बाबा उठून आतल्या खोलीत जातील, आणि त्या दोघांची समजूत घालायला पुन्हा मीच लागेन.

तुझीच, आणि हे खोडावंसं वाटलं तरी खरं असल्यामुळे न खोडणारी,
धाकटी