कानात सांगितलेलं तुझं नाव

माय, बोलतेय मी आणि लिहितेय माझी नात. मला अजूनही लिहिता येत नाही, तेव्हा तू उगाच फुशारून जाऊ नकोस. जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या स्वयंपाकघरात बसलोय. कालच्या घुगऱ्यांचा वास अजून गेलेला नाही. ही पोरगी मी बोलते त्यातलं निम्मं गाळून काहीतरी शहाण्यासारखं लिहीत असणार, असा मला दाट संशय आहे. नाही म्हणते. बघ, तेही लिहिलं.

आधी हिचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ही डॉक्टर होतेय, पण सुई टोचणारी नव्हे, नावांची. आता अल्बेनिया म्हणतात त्या बाजूला, समुद्राकाठी, फार जुन्या काळी इलिरियन म्हणून लोक राहायचे. त्यांची बोली कुणी लिहून ठेवली नाही. गाणं नाही, गोष्ट नाही, साधं भांडणसुद्धा नाही. उरली ती नावं, माणसांची आणि गावांची, तीही बहुतेक परक्यांनी आपल्या लिपीत थडग्यांवर कोरलेली. तेवढ्यावरून हे लोक ठरवतात की ते कसे बोलत असतील. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखेच, अंगठेबहाद्दर. तर म्हणाली, "गेनाऊ, आजी." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. माझी नातवंडं मला बरोबर म्हणतात ते फक्त जर्मनमध्ये. त्या इलिरियनांच्या एका गावाच्या नावात लांडगा आहे म्हणे, आणि माझा नातू रोज गाडी घेऊन कामाला जातो त्या वोल्फ्सबुर्गच्या नावातही लांडगाच. दोन्ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं, तोंडातोंडी झिजून वेगळी दिसायला लागलेली, असं हिचे मास्तर धरून चालतात. मास्तरांचंही आपसात पटत नाही, हेही तिनेच सांगितलं.

एकदा हिने माझाच तळवा माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, आता भाऊ म्हण. म्हटलं. तळव्याला ऊब लागली. मग म्हणाली, बाबा म्हण. काहीच लागलं नाही. ती जी फुंकर आहे ना, ती इलिरियन लोकांच्या तोंडून गळून गेली, भ चा ब झाला, ध चा द झाला. इथल्यांनीही घालवली, म्हणून आपला भाऊ आणि यांचा ब्रूडर. आपण तेवढी जपली. मी म्हटलं, आमच्या घरी फुंकणी होती, आमची कशी जाईल? ती हसली, पण मला तू दिसायला लागलीस. कापसाच्या ओल्या पऱ्हाटीच्या काड्या पेटत नाहीत, तू चुलीपुढे उकिडवी बसून फुंकतेयस, गाल फुगलेत, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि मी हसते म्हणून तीच फुंकणी माझ्या पाठीत बसते.

तुझ्या नावातही ती फुंकर आहे, सुरुवातीलाच. तुझ्या आधीची तुझी भावंडं जगली नाहीत, म्हणून तुला असं नाव ठेवलं की मरणानेही नाक मुरडून पुढे जावं. पुढे सगळ्या वस्तीने बुद्धाची दीक्षा घेतली, सगळ्यांनी जुनी नावं टाकून नवी, गोड नावं घेतली. माझंही बदललं. तू तेवढी हटून बसलीस. या नावाने मला जगवलं, आता कामापुरतं वापरून टाकून देऊ का, म्हणालीस. पण ते नाव घ्यायला होतंच कोण? घरात तू माय होतीस, बाप तुला नुसतं 'ऐकलं का' म्हणायचा. फक्त कापूस वेचायला गेलं की बाया शेताच्या त्या टोकावरून तुझ्या नावाने हाक मारायच्या आणि ती इकडच्या बांधापर्यंत यायची. मी त्यांचं बघून एकदा तशीच हाक मारली. तू ओटीतला कापूस सांभाळत आलीस आणि माझा कान असा पिळलास की सांगायची सोय नाही. मग दुसऱ्याच आठवड्यात, बाजाराला जाताना, तूच मला थांबवून म्हणालीस, "गर्दीत चुकलीस तर माय म्हणून वरडू नको. समद्या बाया वळून बघतील. माझं नाव घेऊन वरड, म्हंजे मीच येईन." मी त्या दिवशी मुद्दाम चुकले. भांडेवाल्याच्या दुकानामागे लपून तुझं नाव घेऊन ओरडले, आणि तू खरंच आलीस, मेथीची जुडी हातात घेऊन, मारायला.

आता ऐक, तुला पणती झाली. म्हणजे माझी पणती. तुझी कोण लागते ते हिलाही सांगता येईना. नातवाची मुलगी. नाव नातसुनेने आधीच ठरवलेलं, सुटसुटीत, जर्मन जिभेला न ठेचकाळणारं. श्टांडेसाम्ट म्हणून जन्माची नोंद करणारं ऑफिस आहे, तिथे ते गेलंसुद्धा. नाव छान आहे, माझी तक्रार नाही. पण मला झोप लागेना. कारण हिने एकदा सहज सांगितलं होतं, आजी, ज्यांची नावं दगडावर आली ते उरले, बाकीच्यांचं काहीच कळत नाही. तुझा तर दगडही नाही. रेशनकार्डावर तलाठ्याने तुझं भलतंच नाव घातलं होतं. कापूस वेचणाऱ्या त्या बाया गेल्या, माझे भाऊ गेले. तुझं नाव आता या जगात एकाच तोंडात आहे आणि त्या तोंडात दात नाहीत.

हिला ते कळलं. फोन पुढे केला, म्हणाली, यात बोल, मी जपून ठेवते. मी म्हटलं, यंत्रात नाही बोलायची. नाव कुणाला तरी हाक मारायला असतं. तिने फोन खिशात घातला. मला वाटलं रागावली.

काल नाव ठेवायचं होतं. बुद्धवंदना झाली, पाळण्याला फुलं लावलेली. बाळाची आत्या हीच, तेव्हा कानात नाव सांगायचा मान हिचा. ही वाकली आणि बायांनी रीतीप्रमाणे हिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरची जर्मन म्हातारी केक घेऊन आली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती मध्ये पडून हिला सोडवायला लागली. मग नातवाने जर्मनमध्ये काहीतरी समजावलं, म्हातारीने "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवली आणि सगळ्यांत जोरात धपाटा तिनेच घातला.

मग मी स्वयंपाकघरात आले. घुगऱ्यांत मीठ बघायला गेले तर हरभऱ्याचं साल कवळीखाली अडकलं, म्हणून कवळी काढून वाटीत ठेवलेली. तेवढ्यात हिचा आवाज आला, "थांबा, अजून एक नाव आहे. आजी सांगणार आहे." आत्या सोडून दुसऱ्या कुणी सांगितलेलं मी जन्मात पाहिलं नाही. नातू म्हणाला, अगं, नोंद झालीय. ही म्हणाली, नोंदीचं नाव नोंदीत आहे, हे कानातलं आहे. मी दारात आले, नातसुनेने माझ्याकडे पाहिलं आणि पाळणा थोपवून धरला. माय, त्या पोरीला मी आजवर उगाच टोमणे मारले.

मी गेले. वाकले. बायांनी माझ्या पाठीवर हळूच थोपटलं, म्हातारी मोडेल म्हणून. बाळाच्या कानाला तेलाचा वास होता. कान तो केवढा, भुईमुगाच्या शेंगेएवढा. मी तुझं नाव घेतलं. इतक्या वर्षांनी मोठ्याने घेतलं की मनातच, ते मलाही सांगता येणार नाही, पण घेतलं. बाळाने डोळे मिचकावले आणि तोंड वाकडं केलं, अगदी तुझ्यासारखं. सगळ्यांनी विचारलं, नीट सांगितलं ना? मी म्हटलं, अगदी स्पष्ट.

हे पत्र कुठे धाडायचं म्हणून ही विचारतेय. धाडायचं नाही. तुला वाचता येत नाही आणि दुसऱ्याकडून वाचून घेशील तर माझी अब्रू जाईल. कारण खरं सांगते, कवळी वाटीतच राहिली होती. दातांवाचून तुझ्या नावातला एकही आवाज धड उमटला नाही, सगळे घरंगळले. त्या इलिरियनांची फुंकर गेली आणि बाकीचं राहिलं. माझ्याकडून बाकीचं गेलं, माय, बाळाच्या कानात फुंकर तेवढी पोचली.