शिडीला बांधलेला माणूस

मी, अग्निशमन केंद्राचा निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने लिहीत आहे. छाती कामातून गेली असली तरी डोकं ठिकाणावर आहे, असा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीचं मत वेगळं आहे. तिने नोंदवायला सांगितलं म्हणून नोंदवतो.

१. राहतं घर माझ्या पश्चात पत्नीचं, तिच्यानंतर लेकीचं. जावयांनी वरच्या मजल्याची स्वप्नं पाहू नयेत. पाया तेवढं ओझं पेलणार नाही हे मी त्यांना सांगितलं आहे, आणि ते हसले आहेत.

२. बँकेतली शिल्लक पत्नीची. तिने ती लेकीला उसनी देऊ नये. देईलच, पण मी नको म्हटलं होतं एवढं कागदावर राहू दे.

३. हत्यारांची पेटी लेकीला. तिला पाना धरता येतो, जावयांना फोन. शेजाऱ्यांनी नेलेलं ड्रिल आधी मागून आणावं.

४. शौर्यपदक आमच्या त्या वेळच्या मोठ्या साहेबांना परत करावं. विषारी हवेत शिरायचा श्वसनसंच आमच्याकडे एकच, तोही सदा दुरुस्तीला. दुसरा मागून मागून माझं तोंड दुखलं. संच मिळाला नाही, पदक मिळालं. ते घेताना मी हसलो, तसा फोटोही आहे. त्याची मला लाज वाटते.

५. आता पैलवान. हा आमच्या तुकडीतला. रंगाच्या कारखान्यात जमिनीखालची टाकी साफ करताना एक कामगार आत कोसळला, म्हणून आम्हाला बोलावलं. पैलवानाचा धाकटा भाऊ तुकडीत नवा होता. मी "थांब" म्हणेपर्यंत तो तोंडावर काही न लावता उतरला आणि तोही पडला. पैलवान त्याच्यामागे धावला. अशा टाकीत पहिल्यामागोमाग मरतात ते वाचवायला गेलेलेच असतात. मी आणि ड्रायव्हरने मिळून त्याला आडवा पाडला, कमरेला दोर घातला आणि गाडीच्या शिडीला बांधला. शेजारच्या केंद्रातून संच येईपर्यंत तो धाकट्याला हाका मारत होता. आतून दोघेही गेलेलेच निघाले.

पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बांधीन. पश्चात्ताप आहे तो त्यानंतरचा. दोर सोडायला मी गेलो नाही, ड्रायव्हरला पाठवलं. पैलवानाची आई मला म्हणाली, "एक तरी लेक ठेवलास रे बाबा," आणि मी ते त्याच्यादेखत ऐकून घेतलं. त्याने बदली मागितली, मी मुकाट्याने सही केली. दोन गल्ल्या सोडून राहतो तो. मी भाजी आणायला लांबच्या रस्त्याने जातो. बायको म्हणते, "असले कसले तुम्ही आगीत शिरणारे, एका दाराला घाबरता." खरंच बोलते.

६. माझी मोटारसायकल पैलवानाला द्यायची होती. पण वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराच्या नावे काही लिहू नका, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. साक्षीदाराला समोर बसून मी सही करताना पाहावं लागतं. तेवढा वेळ तरी तो माझ्याकडे बघेल. म्हणून मोटारसायकल लेकीला, पैलवानाला काहीही नाही. पत्नी निरोप घेऊन गेली आहे. साक्षीदार दोन लागतात, एक डॉक्टर आहेत; पैलवान आला नाही तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये. वकीलबाई म्हणाल्या, "मग हे रद्दीत जाईल, काका." जाऊ दे.

ठिकाण: घरची पुढची खोली
दिनांक: बारा फेब्रुवारी
(लिहून देणाराची सही)

साक्षीदार १: डॉक्टर. सही माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत झाली.

साक्षीदार २: मी, पैलवान. दादांनी माझ्यासमोर सही केली. सही त्यांचीच. कलम पाच वाचलं. त्यात एक राहिलंय, ते लिहितो. माझे हात मोकळे होते. तुकडीला गाठी बांधायला आणि सोडायला मीच शिकवायचो. तुमची गाठ साधी होती, दादा, एका झटक्यात सुटली असती. मी धाकट्याला हाका मारत राहिलो आणि गाठीला हात लावला नाही. इतकी वर्षं राग मात्र तुमच्यावर काढला.
(सही)