उलट्या पाणमांजराविषयी माझी अखेरची तजवीज

मी, श्टेफानिया ब्रलेचिच, व्हिद्रिन लुग येथील शाळेची निवृत्त शिक्षिका, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती शाबूत नसल्याचे गावात कोण पसरवतो तेही मला ठाऊक आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; आणून पाहिला होता.

राहते घर आणि नदीकाठची जमिनीची पट्टी माझा भाचा द्राझेन याला द्यावी. अट एकच. ती पट्टी त्याने नगराध्यक्ष विंको लात्स्कोविच याला किंवा विंकोच्या वतीने येणाऱ्या कोणालाही विकू नये. जो मुलगा वर्षानुवर्षे नाताळालासुद्धा फिरकत नव्हता, तो हल्ली दर रविवारी फोन करून "आत्या, गोळ्या घेतल्यास का?" असे विचारतो. मी गोळ्या घेते. फोन कोण करायला लावतो, ते अजून कळलेले नाही.

बँकेतील शिल्लक माझ्या दफनासाठी आणि चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेसाठी खर्चावी, उरेल ते शाळेच्या वाचनालयाला द्यावे. शिलाई यंत्र शेजारीण रोझा हिला द्यावे. कात्री देऊ नये. एकदा नेली होती, परत आली तेव्हा त्या कात्रीने लोणीही कापले गेले नसते.

आता ध्वज.

आमच्या नगरपालिकेला राज्याच्या समितीने चिन्ह मंजूर केले ते असे: निळ्या ढालीवर रुपेरी पाणमांजर, तोंडात मासा, तोंड काठीकडे. काठीकडेच का, तर मिरवणुकीत काठी पुढे असते आणि जनावर तिच्यामागे चालते. उलटे केले तर ते पळून जाताना दिसते. समारंभाच्या ध्वजाचे भरतकाम मी केले. कापड माझे, रेशीम माझे, गावाने दिल्या त्या टाळ्या. संत निकोलसच्या सणाला तो आशीर्वादित झाला, बाप्तिस्म्याला मुलाची असते तशी मी त्याची धर्ममाता झाले आणि माझ्या नावाची फीत काठीला बांधली. आमच्याकडे ध्वजाची धर्ममाता वारली की तोच ध्वज तिच्या खड्ड्यावर तीनदा झुकवतात. मला एवढेच हवे आहे.

मठातल्या सिस्टरांनी मला असा टाका शिकवला होता की कापडाची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. तीच सफाई मला भोवली. गेल्या वर्षी विंकोने छापील ध्वज करवले, तेव्हा फोटोवाल्याने माझा ध्वज काठीवरून उतरवून मागून टिपला आणि त्याला ते कळले नाही. आता नगरपालिकेवर, पाण्याच्या टँकरवर, गावाच्या वेशीवरच्या पाटीवर, सगळीकडे पाणमांजर काठीकडे पाठ करून पळते आहे. वेशीवर त्याची शेपटी चर्चकडे आणि तोंड विंकोच्या खानावळीकडे आहे. फोटोवाला चुकला असेल. विंको चुकला असे मी मानत नाही.

सणाच्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर विचारले, "विंको, हे कुठे पळतंय?"

"बाई, दोन्ही बाजूंनी सारखंच की. कुणाला कळतंय?"

"माशाला कळतंय."

लोक हसले. त्याने माझ्यासाठी वाइन मागवली. माझ्या वर्गात शिकत असतानाही उत्तर येत नसले की तो मला सफरचंद आणून द्यायचा.

नव्या ध्वजाची धर्ममाता म्हणून त्याने आपली बायको नेवेंका हिला उभे केले. नंतर निरोप आला की माझा जुना ध्वज थेट राजधानीत, झाग्रेबला धुवायला पाठवायचा आहे. रेशीम धुवायला झाग्रेब लागते, हे मी प्रथमच ऐकले. झालर उसवल्याचे सांगून मी ध्वज घरी आणला आणि परत दिला नाही. तेव्हापासून विंको मधासारखा गोड बोलतो आणि माझी स्मृती गेल्याचे सांगत फिरतो.

द्राझेनने तोडगा सुचवला, "आत्या, इतका जीव आहे तर तुझ्याबरोबर शवपेटीतच ठेवू." वाक्य त्याचे वाटत नाही. एकदा पुरला की खरे पाणमांजर कुठे बघत होते, ते कोण उकरून पाहणार? म्हणून ध्वज शवपेटीत ठेवू नये.

गेल्या महिन्यात नेवेंका एकटीच मागच्या दाराने आली. मी तिला बसायलाही सांगितले नाही.

"बाई, माझी फीत उलट्या जनावराला बांधलीय. बाजारात बायका विचारतात, तुझं मांजर घरी आलं का?"

"नवऱ्याला सांग."

"त्याचा काय भरवसा? परवा म्हणाला, पाट्या बदलतो. मी रंगाऱ्याला फोन केला. त्याला काहीच माहीत नाही."

मी तिला खुर्ची दिली. या गावात विंकोवर माझ्यापेक्षा जास्त संशय घेणारी व्यक्ती आहे, हे मला ठाऊक नव्हते.

सबब, ध्वज माझ्या मृत्यूनंतर नेवेंका लात्स्कोविच हिला द्यावा. तिने तो माझ्या खड्ड्यावर झुकवून घ्यावा आणि आपल्या घरी, आपल्या कुलुपात ठेवावा. शेवटची पाटी दुरुस्त झाली की तिने माझ्या फितीखाली स्वतःची फीत बांधावी, आधी नाही. एका वर्षात पाट्या बदलल्या नाहीत, तर ध्वज शेजारच्या नगरपालिकेच्या संग्रहालयात जाईल. ते आनंदाने लावतील आणि विंकोला उद्घाटनाला बोलावतील.

छापील ध्वज माझ्या दफनाला आणू नये. आणलाच, तर फादर इलिया यांनी प्रार्थना थांबवावी. त्यांनी मान्य केले आहे, पण तोंडी. म्हणून त्यांना साक्षीदार केले.

स्थळ: व्हिद्रिन लुग. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३.

साक्षीदार: फादर इलिया माताकोविच (सही)
साक्षीदार: रोझा पेर्कोविच (सही, कात्रीचा मजकूर वाचून)

सह्या होत असताना नेवेंका आली आणि म्हणाली की ध्वज आजच नेते, म्हणजे सुरक्षित राहील. दिला नाही. मी अजून जिवंत आहे.

श्टेफानिया ब्रलेचिच (सही)