पऱ्याकाठच्या अंगणाची व्यवस्था

मी, गोदावरी कोम हरी मयेकर, वय वर्षे सेहेचाळीस, धंदा मुलींच्या शाळेत शिकवणे, राहणार मौजे कातळखोल, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता माझ्या हाताने लिहीत आहे. पोटातल्या गाठीमुळे येता शिमगा मला दिसेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. डोके मात्र ठिकाणावर आहे. घर व अंगण मी माझ्या पगारातून माझ्या नावे घेतले असून त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही.

१. राहते घर माझा पुतण्या आत्माराम याने घ्यावे. पावसाआधी कौले चाळून घ्यावी. त्याचा आळस मला माहीत आहे.

२. तांब्याचे घंगाळ माझ्या जाऊबाई येसूबाई यांना. ते माझ्या लग्नापासून त्यांच्याकडेच आहे. मी आता मागणार नाही. त्यांनीही ते पहिल्यापासून आपलेच होते असे सांगत फिरू नये.

३. घरापुढचे पऱ्यापर्यंतचे अंगण आत्मारामला देत नाही. ते खालच्या वाडीतली तुळसा रावजी भाटकर हिच्या ताब्यात द्यावे. तिच्यामागे दोन्ही वाड्यांतल्या बायका मिळून ठरवतील तिच्याकडे जावे.

याचे कारण लिहून ठेवते. वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यामध्ये हा पऱ्या, म्हणजे लहानसा ओढा, आहे. शिमग्यात देवीची पालखी वरून येते, माझ्या अंगणात टेकते आणि पऱ्या ओलांडून खाली जाते. ओलांडताना खांदा कोणाचा, यावरून मारामाऱ्या होत. अशाच एका मारामारीत तुळसाचा नवरा डोक्यात काठी बसून गेला. तुळसा माहेरची वरच्या वाडीची, सासरची खालच्या. पुढच्या शिमग्याला दोन्हीकडचे पुरुष कोयते घेऊन येणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

आदल्या दिवशी तुळसा माझ्याकडे आली. "बाई, तुमची पहार आत लपवा. उद्या नारळ सोलायला कोणाला मिळता कामा नये."

"का गो?"

"उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी पालखी टेकली. दोन्हीकडचे पुरुष समोरासमोर उभे राहिले. तेवढ्यात दोन्ही वाड्यांतल्या बायका ओटी भरायला आल्या, आणि प्रत्येकीच्या हातात असोला नारळ. सालासकट नारळ ओटीत चालत नाही, आणि ओटी झाल्याशिवाय पालखी उचलता येत नाही. तुळसा विधवा, तिने ओटी भरायची नाही. ती सोलायला बसली आणि तिने भावापुढे हात केला.

"विठूदादा, कोयता दे."

"घरून आण."

"घरचे सगळे कोयते तुमच्याच कमरेला आहेत. देवी खोळंबली आहे."

मागून कोणीतरी हसले. विठूने कोयता दिला. मग प्रत्येक बाई आपापल्या माणसाकडे वळली. खालच्या वाडीतली म्हातारी गंगुबाई मुलाला म्हणाली, "देतोस, की मी सोडून घेऊ?" एकेक कोयता निघत गेला. पुरुषांना रिकाम्या हातांचे काय करावे ते कळेना. काम झालेले कोयते बायकांनी माझ्या पडवीत आणून ठेवले. मला कोणी विचारलेही नाही. शेवटची ओटी भरून झाल्यावर तुळसा उठली.

"आता उचला. निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. ज्याला एकट्याला मान हवा असेल, त्याने माझ्याकडून कोयता मागून घ्यावा."

कोणी मागितला नाही. पालखी पऱ्यापार गेली.

मी पडवीचा खांब धरून उभी होते. जिथे तिचा नवरा पडला, तिथेच ती मांडी घालून नारळ सोलत बसली होती. इतकी वर्षे मी मुलींना शिकवले. असे काही मला शिकवता आले नसते. आता ही युक्ती सगळ्या गावाला माहीत आहे. तरी दर शिमग्याला बायका असोले नारळ आणतात, पुरुष कोयते काढून देतात, आणि पहार कुठे आहे असे कोणी विचारत नाही. याचे मला त्या पहिल्या दिवसाहूनही नवल वाटते.

आत्माराम म्हणतो, "काकी, मी का पालखी अडवणार आहे?" तो अडवणार नाही. पण तो वरच्या वाडीचा. अंगण त्याच्या नावे झाले की पालखी वरच्या वाडीच्या जमिनीवर टेकली असे होईल, आणि तेथून भांडण पुन्हा सुरू होईल. तुळसा दोन्ही वाड्यांची आहे. "बायकांना अंगण दिले म्हणून लोक हसतील," असेही तो म्हणाला. हसू देत.

४. अंगणातल्या माडाचे नारळ ओटीसाठी द्यावे. सोलून देऊ नयेत.

५. लोखंडी पहार तुळसाला. शिमग्यात ती कोणाच्या दृष्टीस पडू देऊ नये.

हे सर्व साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. विठू आज साक्षीला आला. शिमग्याला अजून अवकाश आहे. तरी त्याने कमरेचा कोयता सोडून पडवीत ठेवला आणि मगच उंबरा ओलांडला. त्याला कोणी सांगितले नव्हते.

मुक्काम कातळखोल, तारीख १२ जानेवारी १९३६.

सही: गोदावरी हरी मयेकर

साक्षीदार:
१. विठू धोंडू शिवलकर, वरची वाडी, डाव्या हाताचा अंगठा
२. दादू गणू भाटकर, खालची वाडी, सही दस्तुरखुद्द