चुना मागितला, एवढंच

९ जाने.
हे फौजेतून सुट्टीवर आले. आबांनी लेकासाठी हलगी लावली, वरकुट्याच्या वेशीपासून वाजवत आणलं. हलगी कडाडली तसं ह्यांनी माझं मनगट धरलं ते घर येईस्तोवर सोडलं नाही. वळ उठलेत. लोकांना वाटलं, प्रेम.

११ जाने.
झोपत नाहीत. पाठ भिंतीला लावून बसतात. युनिटमधल्या मित्राचा फोन आला, "वहिनी, साहेबांनी ह्याला मनाच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं व्हतं. गेला न्हाय. प्रमोशन अडकंल म्हणला." ह्यांना विचारलं. "मी काय येडा हाय का?" विषय बंद.

१३ जाने. भोगी
आमच्या रानात उसाचा ट्रॅक्टर भरत होता. मी न्याहारी घेऊन गेले. हे बांधावर पाठमोरे उभे. ड्रायव्हर पोपट मागून आला, खांद्यावर हात ठेवला. "फौजी, तंबाखूला चुना हाय का?"
ह्यांनी वळून ट्रॉलीवरची चाकं खोलायची लोखंडी टामी उचलली. पोपट पडला तरी थांबेनात. मी किंचाळले तेव्हा थांबले. मग स्वतःचा शर्ट फाडून त्याचं डोकं बांधलं, अगदी नीट, आणि आमच्या जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. पोलिसांनी तिथंच धरलं.

१४ जाने.
संक्रांत. वाण मांडून बसले. एकही बाई आली नाही.
काल झोप मात्र गाढ लागली. हे आल्यापासून पहिल्यांदा. लिहायलाही लाज वाटते.

१५ जाने.
आबा म्हणाले, "पोपटनं आधी हात उचलला, आसं सांग. बघणारी तू एकलीच."
"आबा, त्यांना दवाखाना पायजे."
"म्हंजी येडा ठरवतीस माझ्या पोराला?"
कुणीच जेवलं नाही.

१६ जाने. बारामती
पोपटचा जबडा मोडलाय. एका डोळ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. त्याची बायको वॉर्डाबाहेर फरशीवर बसलेली. बीडकडची. म्हणाली, "ताई, तुमी होत्या तिथं. आमच्या ह्यांनी शिवी दिली होती का?"
"न्हाय. चुना मागितला."
बघतच राहिली. मग पिशवी सरकवून जागा केली. बसले तिच्याशेजारी.

१८ जाने.
जबाब दिला. पाहिलं तसा. हे झोपत नाहीत, दचकतात, डॉक्टरला दाखवा, हेही लिहून घ्यायला लावलं. हवालदार म्हणाले, "बाई, नवराच हाय ना तुमचा?"
आबांनी बोलणं टाकलं. मी नळावर गेले की बाया गप्प होतात.

२७ जाने. पुणे
कोर्टाच्या हुकमानं ह्यांना तपासणीसाठी इथल्या दवाखान्यात ठेवलंय. भेटले. दाढी वाढलीय.
"तूच सांगितलंस?"
"व्हय."
"नोकरी गेली माझी, सुमन."
उठताना म्हणाले, "इतक्यात घरी न्यायचं बघू नको. मला माझाच भरवसा न्हाय."
डॉक्टर म्हणतात, उपचारानं फरक पडेल, वेळ लागेल. केस चालायची ती चालेलच. आबांना कळवायला फोन लावला, त्यांनी कट केला. स्टँडवर गावाकडं जायची इंदापूरची गाडी लागलीय. मी अजून बाकावरच.